थांबवणारी तार

आमच्या घरी शंभर सीसीची एक जुनी मोटरसायकल आहे. वडिलांची. एरंडोल-पारोळा पट्ट्यात ती चौदा-पंधरा वर्षं बिनतक्रार धावली. मग एका उन्हाळ्यात ती चालता चालता बंद पडायला लागली. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. बंद पडली की वडील तिला कडेला घ्यायचे, एक किक मारायचे, आणि ती काही झालंच नाही अशी चालू व्हायची.

चालू गाडीतला दोष कुणाला दाखवता येत नाही. गॅरेजला नेली की ती सुतासारखी सरळ. पहिल्या मेकॅनिकनं प्लग बदलला. दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला आणि पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं सांगितलं. तिसऱ्यानं सीडीआय बदलला. तो महाग असतो. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी गल्लीतल्या एकानं हसत हसत म्हटलं, "अण्णा, गाडी नाही, आता तुमचा हात थकला." वडील काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते महामार्गावर जायचं टाळायला लागले.

कारण ती बंद पडायची ती नेमकी महामार्गावरून शेताच्या शिवरस्त्याला वळताना. मागे कापसाचे, केळीचे, लोखंडाचे ट्रक. वळणात इंजिन मेलं की दोन सेकंद माणूस अधांतरी असतो. ते दोन सेकंद मी एकदा मागच्या सीटवर बसून अनुभवले. तेव्हापासून हा दोष मला माहीत करून घ्यायचा होता. नुसता दुरुस्त नव्हे, माहीत.

माहिती घेता घेता मी गाडीच्या आधी इतिहासात शिरलो.

ठिणगीचे दोन घराणे

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ती कुठून आणायची, याची दोन उत्तरं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सापडली, आणि आपल्या दारात उभ्या असलेल्या गाड्या आजही त्या दोन उत्तरांच्या वंशज आहेत.

पहिलं उत्तर जर्मनीतलं. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली स्टुटगार्टमध्ये छोटा कारखाना काढला. एका जागी उभ्या असलेल्या इंजिनांसाठी त्यांनी मॅग्नेटो बनवला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून वीज तयार करणारं यंत्र, सायकलच्या डायनॅमोचा थोरला भाऊ. १८९७ साली तो मॅग्नेटो एका तीनचाकी मोटारगाडीवर बसला. १९०२ साली बॉशकडे काम करणाऱ्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. बॅटरी नको, काही नको. चाक फिरलं की ठिणगी.

दुसरं उत्तर अमेरिकेतलं. ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जुळणी केली. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत आली. १९१२ साली त्याच गाडीत त्यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल फिरवून हात मोडून घेण्याचे दिवस सरायला लागले. पुढच्या साठ-सत्तर वर्षांतल्या बहुतेक मोटारी याच पद्धतीवर चालल्या. आपली ॲम्बॅसेडर, आपली फियाट, आपली जीप, सगळ्या याच घराण्यातल्या.

आता खरी गंमत. इंजिन चालू कसं करायचं हे सगळ्यांना आठवतं. बंद कसं करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

बॅटरीच्या पद्धतीत बंद करणं सोपं. चावी फिरवली की वीज तुटते. घरातल्या दिव्याच्या बटणासारखं. म्हणून या गाडीत तार तुटली की इंजिन बंद पडतं.

मॅग्नेटोत तसं चालत नाही. तिथे वीज बाहेरून येतच नाही, मग तोडणार काय? म्हणून तिथे उलटी युक्ती केली. एक जादा तार काढली आणि चावी बंद केली की ती तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडली जाईल अशी सोय केली. तार अर्थ झाली की मॅग्नेटोची वीज प्लगकडे न जाता जमिनीच्या वाटेनं निघून जाते. ठिणगी नाही, इंजिन बंद. म्हणजे या तारेचं आयुष्यातलं काम एकच, थांबवणं. आणि ही तार *तुटली* तर इंजिन बंद पडत नाही. उलट ते चावीनं बंदच होत नाही. ही तार *सोलली* गेली आणि उघडं तांबं लोखंडाला टेकलं, तर मात्र चालती गाडी जागच्या जागी मरते.

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत आजही मॅग्नेटो असतात, आणि वैमानिक उड्डाणाआधी ते तपासतात. तिथे ही तार तुटलेली असेल तर चावी बंद असूनही, कुणी हातानं पंखा फिरवला तर इंजिन पेट घेऊ शकतं. एकच तार. तुटली तर एक अपघात, सोलली तर दुसरा.

रस्त्यांच्या फुलीवरचं गाव

आमच्या मुलखात मोटार आली ती रस्त्याच्या मागोमाग. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणं केलं. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो. पूर्व-पश्चिम जाणारा सुरत-नागपूर रस्ताही धुळ्यावरूनच जातो आणि पुढे पारोळा, एरंडोल करत जळगाव, भुसावळ गाठतो. रेल्वेचा मुख्य मार्ग मात्र चाळीसगाव, जळगाव, भुसावळकडून गेला. धुळ्याला रेल्वे मिळाली ती १९०० साली, तीही चाळीसगावहून निघालेली एक फांदी. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचा जळगावकडे, पश्चिमेचा धुळ्याकडे. जळगावच्या नशिबी रूळ आले आणि धुळ्याच्या नशिबी रस्ते.

रस्त्यांची फुली जिथे पडते तिथे धर्मशाळा, खाणावळी आणि दुरुस्तीची दुकानं उभी राहतात. हा नियम बैलगाडीच्या काळीही होता. तेव्हा धाव बसवणारा लोहार होता, पुढे टायरवाला आला, मग वायरमन.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली बस सुटली. त्या बेडफर्ड बसगाड्या होत्या. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. १९५१ साली बंगळुरूला मायको कंपनी निघाली आणि बॉशचे प्लग भारतात बनायला लागले. १९५४ पासून टाटांचे मर्सिडीज-बेंझ बनावटीचे डिझेल ट्रक रस्त्यावर आले. १९६१ साली लुकास-टीव्हीएस निघाली. इंग्लंडमधल्या मूळ लुकास कंपनीला तिकडचे मोटारवाले 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. तिचे दिवे कधी दगा देतील याचा नेम नसे, म्हणून.

डिझेल आलं आणि तिसरं घराणं आलं. डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा दाबून इतकी तापवायची की तेल आपोआप पेटतं. त्याला थांबवायचं तर तेल तोडायचं. आमच्या आजोबांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन असंच थांबवायचे, पंपाचा दांडा ओढून.

म्हणजे साठच्या दशकात धुळ्याच्या आग्रा रोडला पान्हा घेऊन बसलेल्या माणसासमोर एकाच दिवशी तीन घराणी येऊ शकत होती. स्कूटर, जिची ठिणगी अर्थ करून मारायची. जीप, जिची वीज तोडून मारायची. ट्रक, ज्याचं तेल तोडून मारायचं. शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. वायरिंगचा नकाशा इंग्रजीत, तोही सहसा मालकाच्या घरी हरवलेला. तो माणूस तार बोटांत धरून शिकला.

तांबं थकतं

मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. तांबटाला एक गोष्ट ठाऊक असते. तांबं ठोकत गेलं की ते कडक होतं, आणि कडक झालेलं तांबं पुढे ठोकलं तर तडकतं. म्हणून तो मधे मधे भांडं भट्टीत घालून लाल करतो. तांबं पुन्हा मऊ होतं आणि ठोके सोसायला तयार होतं.

गाडीतल्या तारेला ही भट्टी कधीच मिळत नाही. हँडल डावीकडे, हँडल उजवीकडे. मानेपाशी ती तार दिवसातून शेकडो वेळा वाकते. म्हणूनच गाडीत एकच जाड तार घालत नाहीत, केसांसारख्या बारीक तारांचा पेड घालतात. पण पेडातला एकेक केस कडक होत तुटत जातो. वरून काही दिसत नाही.

वरचं कातडंही म्हातारं होतं. जुन्या गाड्यांत तारेवर रबर आणि त्यावर सुती विणकाम असे. ते तेल पिऊन कुजायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचं, म्हणजे पीव्हीसीचं कातडं आलं. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मऊपणा आणणारे पदार्थ मिसळलेले असतात. वर्षानुवर्षं उष्णता लागली की ते पदार्थ उडून जातात आणि कातडं कडकडीत होतं, चिरतं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्यात इंजिनाची धग. दुपारी टाकीवर हात ठेवून पाहा, म्हणजे टाकीखालच्या तारा कशात जगतात ते कळेल.

अशा तारेचा सगळ्यात फसवा गुण म्हणजे ती मीटरला उत्तीर्ण होते. पेडातला एक केस जरी शाबूत असला तरी मीटर 'जोडलेलं आहे' म्हणून वाजतो. पण मीटर चिमूटभर वीज मागतो, इंजिन मूठभर. हिशोब करून पाहा. बारा व्होल्टची बॅटरी आणि तीन ओहमची कॉइल असेल तर चार अँपिअर वाहतात. वाटेत झिजलेल्या तारेनं किंवा गंजलेल्या कपलरनं एक ओहमचा अडथळा घातला की तीनच अँपिअर उरतात. कॉइलमध्ये साठणारी ताकद प्रवाहाच्या वर्गावर ठरते. चाराचा वर्ग सोळा, तीनाचा नऊ. एका ओहमनं जवळपास निम्मी ताकद गेली. एवढ्यावरही गाडी चालते. चढावर, ओझ्यावर, खड्ड्यावर मात्र दगा देते.

आणि मग ऊन बदनाम होतं. जुन्या फियाट-ॲम्बॅसेडरचे ड्रायव्हर उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर, म्हणजे बॉनेटखालच्या छोट्या पंपावर, ओलं फडकं गुंडाळायचे. पेट्रोलची वाफ होऊन नळी अडायची, तो उपाय खरा होता. पण एकदा खरं ठरलेलं उत्तर माणूस पुढे प्रत्येक प्रश्नाला देत राहतो. आमचीही गाडी मे महिन्यातच जास्त बंद पडायची. सगळे म्हणाले, गरमी.

आबांचे चार प्रश्न

शेवटी एका नातेवाइकानं धुळ्याच्या एका म्हाताऱ्या वायरमनचं नाव सुचवलं. सगळे त्यांना आबा म्हणतात. पत्र्याची टपरी, एक स्टूल, एक टेस्ट लॅम्प. म्हणजे होल्डरला दोन तारा लावलेला साधा बल्ब. त्यांनी पान्हा उचललाच नाही. आधी अहिराणीत विचारलं, "कवय बंद पडस?"

"उन्हाळ्यात," मी म्हणालो.

"ते नाही. बंद पडताना गुदमरते, का चावी काढल्यासारखी जाते?"

वडील म्हणाले, चावी काढल्यासारखी. एकदम.

"म्हणजे पेट्रोल नाही. पेट्रोल कमी पडलं तर आचके देते. बंद पडल्यावर हॉर्न वाजतो?"

वाजतो.

"मग बॅटरी आणि फ्यूज सोडा. हँडल कुठे असतं?"

यावर वडील थांबले. मग हळूच म्हणाले, "डावीकडे. शेताकडे वळताना." मे महिन्यात ते रोज शेतात बोअरच्या पाण्यासाठी जायचे. इतर महिन्यांत क्वचित. म्हणजे ऊन निर्दोष होतं. वळण जास्त होतं, इतकंच.

आबांनी गाडी स्टँडला लावून चालू केली. हँडल उजवीकडे, काही नाही. डावीकडे, काही नाही. डावीकडे टेकवून मानेपाशी बोटानं तारा दाबल्या. इंजिन मेलं.

मग त्यांनी सीट काढून सीडीआयकडे जाणारी एक तार कपलरमधून सोडवली, काळी, पांढऱ्या पट्ट्याची. पुन्हा चालू केली, पुन्हा हँडल डावीकडे, पुन्हा दाब. इंजिन चालूच. आता चावी फिरवली तरी चालूच. आबांनी गियर टाकला, ब्रेक दाबला, क्लच सोडला आणि गाडी मारली.

ही गाडी मॅग्नेटोच्या घराण्यातली होती. १९८० च्या दशकात जपानी तंत्राच्या मोटरसायकली आल्या, हळूहळू पॉइंट गेला, सीडीआयची डबी आली. पण अशा अनेक गाड्यांत ठिणगीची वीज इंजिनाच्याच कॉइलमधून येते, आणि तिला थांबवायला तीच जुनी युक्ती वापरतात. चावी बंद, तार अर्थ.

आबांनी हेडलाइट उतरवला, चिकटपट्टी सोडवली. मानेच्या लोखंडी कडेशी ज्वारीच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडलं होतं. "तार तुटेल नही," ते म्हणाले, "घसायेल शे." तुटलेली नाही, घासलेली आहे. त्यांनी तेवढा तुकडा काढला, नवा जोडला, झाळला, वर स्लीव्ह चढवली आणि तार कडेपासून दूर बांधली. पाऊण तास लागला. पैसे सांगितले ते प्लगच्या किमतीपेक्षा थोडे जास्त होते.

"ग्राहकाची गैरसोय"

ही फक्त आमच्या शिवारातली गोष्ट असती तर लिहिलीही नसती. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला जवळपास २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या चावीच्या स्विचमधली एक छोटी स्प्रिंग कमजोर होती. जड किचेन लटकवलं किंवा गुडघा लागला तर चावी चालत्या गाडीत आपोआप मागे फिरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि एअरबॅगही निकामी. तक्रारी दहा-बारा वर्षं येत होत्या. कंपनीनं त्यांची नोंद ग्राहकाची गैरसोय अशी केली होती, सुरक्षेचा प्रश्न अशी नव्हे. मधल्या काळात तो स्विच गुपचूप सुधारला गेला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता, हे तपासणाऱ्याला कळेना. शेवटी एका मृत तरुणीच्या आईवडिलांनी लढलेल्या खटल्यात एका अभियंत्यानं दोन स्विच खोलून शेजारी ठेवले, तेव्हा फरक दिसला. नुकसानभरपाईच्या निधीनं पुढे १२४ मृत्यू या दोषाच्या खाती धरले.

जगातली मोठी कंपनी आणि आमची गल्ली, दोघांनी आधी एकच केलं होतं. दोष दिसत नाही म्हणून चालवणाऱ्यावर ढकलला.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ आलं. नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणक आहे, तो चुकांची नोंद ठेवतो, मेकॅनिक स्कॅनर लावून ती वाचतो. चांगलंच आहे. पण स्कॅनर सांगतो की अमुक ठिकाणाहून निरोप आला नाही. निरोप का आला नाही, तार कुठे घासली, उंदरानं कुरतडली की कपलरला हिरवा गंज चढला, हे बघायला अजून कुणाला तरी गुडघ्यावर बसावं लागतं.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, पुढच्या वर्षी मंडळ उभं राहिलं. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला. ऐकीव बखरींवर विसंबण्यापेक्षा गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उघडून मूळ कागद हाती घ्यायचा, ही त्यांची रीत. आग्रा रोडवरच्या टपरीत बसलेल्या आबांनी राजवाडे वाचले असतील असं मला वाटत नाही. पण सगळे "गरमी" म्हणत असताना त्यांनी ते ऐकून घेतलं, बाजूला ठेवलं, आणि तार तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं तपासली.

त्यांच्याकडे शिकायला आता कुणी येत नाही, असं ते म्हणाले. मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. तीन घराण्यांची ही विद्या कुठे लिहिलेली नाही. म्हणून ते चार प्रश्न मी इथे जसेच्या तसे लिहून ठेवले आहेत. तुमची गाडी अशी छळत असेल तर सुटे भाग बदलण्याआधी ते स्वतःला विचारा. कधी बंद पडते? गुदमरते की एकदम जाते? हॉर्न वाजतो का? हँडल कुठे असतं?

परतीच्या वाटेवर गाडी वडिलांनीच चालवली. शिवरस्ता आला तेव्हा मागून एक ट्रक येत होता. त्यांनी हात दाखवला, हँडल डावीकडे टेकेपर्यंत वळवलं. इंजिन चालू होतं.